मोटारविमा आणि जोखमीचे चालक : पुण्यातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“जोखमीचा चालक” असा वेगळा वर्ग आपल्याकडच्या विम्यात असतो का?

कायद्यात किंवा पॉलिसीच्या मसुद्यात असा वर्ग नाही. आपल्याकडे खासगी मोटारीचा विमा हा मुख्यतः गाडीचा विमा असतो. अर्जात गाडीचे मॉडेल, इंजिनाची क्षमता, नोंदणीचे शहर आणि मागच्या वर्षीचे क्लेम विचारले जातात. घरातले कोणकोण ती गाडी चालवतात, त्यांची वये काय आणि त्यांच्या नावावर किती चलने आहेत, याची चौकशी सहसा होत नाही. तरीही काही ग्राहकांकडे कंपन्या सावधपणे पाहतात : ज्यांनी लागोपाठ क्लेम घेतले आहेत, ज्यांची पॉलिसी मध्येच खंडित झाली आहे, ज्यांनी गाडीत न कळवता फेरफार केले आहेत किंवा ज्यांची गाडी बरीच जुनी आहे, असे ग्राहक.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. बेफिकीर चालकाला त्याच्या सवयींची किंमत हप्त्यात फारशी दिसत नाही. ती दिसते क्लेमच्या वेळी, आणि तेव्हा ती हजारांत नसते, लाखांत असते. त्यामुळे “माझा हप्ता किती वाढेल” या प्रश्नापेक्षा “माझी पॉलिसी ऐनवेळी उभी राहील का” हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

माझ्या गाडीवर बरीच ई-चलने थकली आहेत. त्यामुळे हप्ता वाढेल का?

खासगी गाडीच्या हप्त्यात चलनांसाठी वेगळा आकार धरण्याची देशव्यापी सक्ती आजवर झालेली नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तशी शिफारस मात्र केली होती. प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यावेत, दारू पिऊन गाडी चालवण्याला सर्वाधिक आणि चुकीच्या पार्किंगला सर्वांत कमी, आणि त्या गुणांवरून वाहतूक नियमभंगाचा वेगळा हप्ता आकारावा, अशी ती कल्पना होती. दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात करण्याचे त्यात सुचवले होते. सिग्नल तोडणे ही ज्या शहरात जवळजवळ नागरी सवय होऊन बसली आहे, तेथे अशी योजना आली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आजची स्थिती एवढीच की चलनाचा दंड भरावा लागतोच, आणि त्याचा हप्त्याशी थेट संबंध सहसा नसतो.

मग हप्ता नेमका कशावरून ठरतो?

हप्त्याचे दोन मुख्य भाग असतात आणि दोन्हींचे तर्कशास्त्र वेगळे आहे.

पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा व नुकसानीचा. याचे दर सरकार ठरवते आणि ते सर्व कंपन्यांना सारखेच लागू असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आहे. तुम्ही तीस वर्षे निष्कलंक गाडी चालवलेली असो वा दरवर्षी कोणाला तरी ठोकलेले असो, या रकमेत फरक पडत नाही. नव्या मोटारीसाठी हा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला बोलण्यात “ओडी” म्हणतात. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर खुले आहेत, त्यामुळे येथे कंपनीगणिक फरक दिसतो. गाडीची आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाता उरलेली विमा किंमत, गाडीचे वय, क्लेमचा इतिहास आणि शहर यांवर तो ठरतो. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन विभाग केले होते आणि मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा आठ शहरांच्या महागड्या ‘अ’ विभागात पुणेही आहे. कंपन्या आजही या विभागणीचा आधार घेतात, म्हणून पुण्यातील नोंदणीच्या गाडीला लहान शहरातील तशाच गाडीपेक्षा थोडा जास्त दर सांगितला जाऊ शकतो.

एकूण हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

गेल्या दोन वर्षांत मी तीन क्लेम घेतले. आता माझे काय होईल?

सर्वांत आधी नो क्लेम बोनस जातो. ही सवलत फक्त ओडी भागावर मिळते आणि क्लेमविना गेलेल्या सलग वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढत जाते. एका क्लेमने ती शून्यावर येते. त्यावर, वारंवार क्लेम असतील तर कंपनी एरवी देते ती सूट कमी करते, आणि काही वेळा ओडी विमा देण्यासच नकार देते. तसा नकार देण्याचे तिला स्वातंत्र्य आहे. थर्ड पार्टी विमा मात्र नाकारता येत नाही.

“कंपनी बदलली की जुने क्लेम पुसले जातात” हा सल्ला पुण्यात अनेक ठिकाणी सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करून घेते आणि पॉलिसी व क्लेमची माहिती विमा माहिती केंद्राकडेही जमा होत असते. क्लेम घेतलेला असताना अर्जात “क्लेम नाही” असे लिहून बोनस घेतला, तर त्या वर्षीचा ओडी क्लेम नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते. एजंट “लिहून टाकू, कोण बघतंय” म्हणाला, तरी अर्जाखाली सही तुमची असते.

बंपरला लहानशी ठोकर बसली. क्लेम घ्यावा की खिशातून खर्च करावा?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच शोधावे. समजा, गाडी १,२०० सीसीची आहे, बोनस धरण्यापूर्वीचा ओडी हप्ता १२,००० रुपये आहे आणि पुढच्या रिन्यूअलला तुम्हाला ३५ टक्के बोनस मिळणार आहे. क्लेम न घेतल्यास ओडी ७,८०० अधिक थर्ड पार्टी ३,४१६, म्हणजे ११,२१६ रुपये, आणि जीएसटी धरून सुमारे १३,२३५ रुपये होतात. क्लेम घेतल्यास ओडी पूर्ण १२,००० रुपये लागतो आणि एकूण रक्कम सुमारे १८,१९१ रुपयांवर जाते. फरक ४,९५६ रुपयांचा पडतो.

आता गॅरेजचे बिल पाहू. नवा बंपर ४,००० रुपयांचा आणि रंगकाम ३,००० रुपयांचे. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे २,००० रुपयेच मिळतात. रंगकामात साहित्याचा खर्च एकूण बिलाच्या चौथा हिस्सा, म्हणजे ७५० रुपये, धरून त्यावर ५० टक्के कपात होते. रंगाचे २,६२५ रुपये मिळतात. या ४,६२५ रुपयांतून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाते. हातात येतात ३,६२५ रुपये. म्हणजे ३,६२५ रुपयांसाठी ४,९५६ रुपये गमावले, शिवाय बोनसची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची. त्यामुळे अशा ठोकरीसाठी क्लेम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. झिरो डेप हे जादा संरक्षण घेतले असेल तर घसारा कापला जात नाही आणि हिशेब थोडा बदलतो, पण बोनस तेव्हाही जातोच; बोनस टिकवण्याचे वेगळे संरक्षण घेतले असेल तरच तो वाचतो.

ओडी विमा फार महाग पडतो आहे. फक्त थर्ड पार्टी घेतली तर चालेल का?

कायद्याच्या दृष्टीने चालेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तेवढाच विमा सक्तीचा आहे. जुन्या, कमी आयडीव्हीच्या गाडीसाठी हा निर्णय समंजसही ठरू शकतो. परंतु दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, थर्ड पार्टी विम्यात समोरच्या व्यक्तीच्या मृत्यूची वा इजेची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तितकी मिळते, पण समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाख रुपयांची मर्यादा असते. थोडा हप्ता वाचवण्यासाठी ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणण्याचा पर्याय काही अर्जांत असतो. तो कधीही स्वीकारू नये. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. त्या उतारावरून रोज जाणाऱ्याने ६,००० रुपयांत नव्या गाडीचा एक हेडलाइट तरी येतो का, हे विचारून पाहावे.

दुसरी, केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत तुमच्याच गाडीत बसलेल्या घरच्या माणसांना व मित्रांना भरपाई मिळेल असे गृहीत धरता येत नाही. सर्वसमावेशक, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या, पॉलिसीत हे संरक्षण असते. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा हा आणखी वेगळा असतो. १ जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रपणेही घेता येतो.

दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला तर विमा मिळतो का?

स्वतःच्या गाडीचा क्लेम मिळत नाही. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा असून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र विम्याच्या बाबतीत या आकड्याखाली राहिलो म्हणजे सुटलो, असे नाही. पॉलिसीत “मद्याच्या अमलाखाली” असे शब्द असतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात असे म्हटले की श्वासचाचणी झालेली नसली, तरी चालक अमलाखाली होता हे इतर परिस्थितीवरून कंपनी सिद्ध करू शकते. रक्ताचा नमुना वेळेत घेतला गेला नाही म्हणून क्लेम वाचेल, या भरवशावर कोणी राहू नये.

समोरच्या व्यक्तीला, म्हणजे जखमीला किंवा मृताच्या वारसांना, भरपाई देण्याचा आदेश कंपनीला होऊ शकतो, परंतु ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभाही तिला दिली जाते. अशी रक्कम लाखांत, प्रसंगी कोटीत जाते. गाडी तुमची आणि चालवत होता मित्र, तरी वसुलीची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.

लायसन्स संपले होते, शिकाऊ होते किंवा मुलगा अल्पवयीन होता, तर?

मुदत संपलेल्या लायसन्सची गफलत सुशिक्षित घरांतही वारंवार होते. पूर्वी मुदत संपल्यानंतर ३० दिवसांची सवलत मिळत असे; २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. आता मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपल्यानंतर नूतनीकरण झाले, तर मधल्या काळात तुमच्याकडे वैध लायसन्स नव्हते असाच अर्थ होतो आणि त्या काळातील ओडी क्लेम अडकतो.

शिकाऊ लायसन्सवर विमा चालतो, पण शेजारी वैध लायसन्सधारक शिकवणारा बसलेला असला पाहिजे आणि गाडीवर “एल” चिन्ह असले पाहिजे. पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकट्याने सराव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत काहीच शिल्लक राहत नाही. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतल्यानंतर कलम १९९अ पुण्यात घरोघरी चर्चिले गेले. त्यानुसार पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. विम्याच्या अंगाने ओडी क्लेम नाकारला जातो आणि थर्ड पार्टीची रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते.

वडील पंचाहत्तरीचे आहेत आणि अजून स्वतः गाडी चालवतात. विमा महाग होईल का?

वयामुळे हप्ता सहसा वाढत नाही. वयाच्या पंचावन्नीनंतर लायसन्स एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, एवढे पाळले म्हणजे पॉलिसीला अडचण नाही. घरी पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीचे दायित्व ५० रुपयांच्या जादा हप्त्यात समाविष्ट करून घ्यावे. इतक्या स्वस्तात इतके मोठे संरक्षण दुसरे नाही, तरीही अनेक पॉलिसींत ती ओळ रिकामी दिसते.

पॉलिसीची तारीख उलटून गेली. आता काय करावे?

गाडी रस्त्यावर आणू नये. विनाविमा गाडी चालवण्यास पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झालाच तर भरपाईचा सगळा बोजा मालकावर येतो. नव्या ओडी पॉलिसीसाठी गाडीची तपासणी होते, हल्ली ती मोबाइलवर व्हिडिओ पाठवूनही करतात. तारीख उलटल्यानंतर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले तर बोनस टिकतो, नंतर जातो.

वारंवार क्लेम झालेल्या माणसाने हप्ता कमी कसा करावा?

ऐच्छिक वजावट हा पहिला मार्ग. क्लेमच्या वेळी ठरावीक रक्कम, उदाहरणार्थ ५,००० किंवा १५,००० रुपये, मी सोसेन असे आधीच मान्य केले की ओडी हप्त्यात सूट मिळते. ज्याला लहान क्लेम घ्यायचेच नाहीत त्याच्यासाठी हा पर्याय योग्य आहे; सूट मात्र किती रुपयांची पडते ते पाहूनच निर्णय घ्यावा. दुसरा मार्ग वापरानुसार हप्त्याचा. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने किलोमीटरनुसार आणि चालवण्याच्या पद्धतीनुसार हप्ता ठरवणाऱ्या जोडसंरक्षणांना, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या जादा संरक्षणांना, परवानगी दिली. घरून काम करणाऱ्या आणि गाडी शनिवार-रविवारीच काढणाऱ्या हिंजवडी-बाणेरच्या मंडळींना किलोमीटरचा पर्याय फायद्याचा पडतो. चालवण्याच्या पद्धतीवरचा पर्याय करकचून ब्रेक मारणाऱ्याने घेण्यात अर्थ नाही.

एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रमाणित केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास जुन्या दरपत्रकानुसार ओडीवर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सूट असे. ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, पण सूट नाममात्र आहे.

आयडीव्ही मुद्दाम कमी लावून हप्ता उतरवू नये. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर तेवढीच रक्कम हातात येते.

जोडसंरक्षणांपैकी पुण्यात कोणते खरोखर उपयोगी आहे?

झिरो डेप पहिली पाच वर्षे घ्यावे. बहुतेक कंपन्या त्यात वर्षाला दोन क्लेमची मर्यादा घालतात, ती वाचून घ्यावी. त्याखालोखाल इंजिन संरक्षण. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात शिरलेल्या पाण्याने हा प्रश्न अनेकांच्या दारात आणून ठेवला. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते, परंतु पाण्यात बुडालेली गाडी कोणी चालू करून पाहिली आणि सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी ते परिणामी नुकसान म्हणून नाकारते. इंजिन संरक्षण नेमके येथे कामाला येते. ते घेतलेले असले तरी किल्ली फिरवू नये. आधी फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि गाडी टो करून न्यावी.

सीएनजी किट बसवले आहे. गाडी अधूनमधून भाड्यानेही देतो. सांगावे लागते का?

दोन्ही सांगावे लागते. किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर हवी. खासगी पॉलिसीवर भाड्याचा धंदा करणे हा अटींचा भंग आहे.

मुलगा अमेरिकेत आहे. तेथे त्याला “एसआर-२२” लागेल असे सांगतात. ते काय आहे?

ही वेगळी पॉलिसी नव्हे. दारू पिऊन गाडी चालवणे, विनाविमा गाडी चालवणे अशा गंभीर गुन्ह्यानंतर अनेक राज्ये चालकाकडे किमान विमा असल्याचे प्रमाणपत्र मागतात आणि ते विमा कंपनी राज्याकडे दाखल करते. त्यालाच एसआर-२२ म्हणतात. बहुधा तीन वर्षे ते चालू ठेवावे लागते आणि मध्ये पॉलिसी खंडित झाली तर कंपनी राज्याला कळवते व लायसन्स निलंबित होऊ शकते. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात दारूच्या गुन्ह्यांसाठी एफआर-४४ असते, त्यात विम्याची मर्यादा अधिक लागते. तेथे विमा चालकाच्या नोंदीशी बांधलेला असल्यामुळे हप्ता खरोखरच चढतो. मुलाने काहीही गुन्हा केलेला नसेल तर त्याला याची गरज नाही. भारतातील अनुभव तेथील बहुतेक कंपन्या धरत नाहीत, म्हणून नवा चालक या नात्याने त्याला सुरुवातीला जास्त दर सांगितला जातो, एवढेच.

क्लेम नाकारला गेला. पुण्यात दाद कोठे मागावी?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि नकाराचे कारण पॉलिसीतील कोणत्या अटीवर आधारलेले आहे, हे लेखी मागावे. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत अपेक्षित आहे, त्यामुळे टोलवाटोलवी झाली असेल तर तारखा नोंदवाव्यात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. लोकपालांचे कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तेथे शुल्क नाही, वकील लावता येत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो, परंतु तेथे प्रकरण दाखल केल्यावर लोकपाल तीच तक्रार ऐकत नाहीत. म्हणून सहसा आधी लोकपालांकडे जावे.